औषधाचा स्वभाव : लडाखच्या अमची परंपरेतील रानवनस्पती आणि ऋणाचा विचार

एखादी वनस्पती औषधी आहे असे म्हटले जाते, तेव्हा औषधीपणा हा तिच्या अंगचा, तिच्यापासून वेगळा न होणारा गुण आहे, असे बोलणाऱ्याने बहुधा गृहीत धरलेले असते. हे गृहीतक मान्य केले, तर ती वनस्पती कोणी खुडली, कोणत्या महिन्यात खुडली, डोंगराच्या कोणत्या अंगावरून आणली आणि कोणत्या हेतूने रुग्णाला दिली, हे सगळे प्रश्न दुय्यम ठरतात. कारण गुण मुळात किंवा पानात आधीच साठलेला आहे आणि तो बाहेर काढणे एवढेच वैद्याचे काम उरते. लडाखच्या खोऱ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या रुग्णसेवा करत आलेले अमची, म्हणजे तिबेटी वैद्यकपद्धतीचे गावोगावचे वैद्य, या गृहीतकावर चालत नाहीत. त्याचे खंडन करणारे ग्रंथ त्यांनी लिहिलेले नाहीत. परंतु त्यांच्या पाठांतरात, वनस्पती गोळा करण्याच्या नियमांत आणि डोंगराशी वागण्याच्या रीतीत एक वेगळे तत्त्वज्ञान मुरलेले आहे, आणि ते बौद्ध दर्शनातील एका मूलभूत प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. वस्तूला स्वतःचा असा स्वभाव असतो काय, हा तो प्रश्न होय.

लडाख हा हिमालयाच्या पाठीमागचा पर्जन्यछायेचा प्रदेश असून लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे, आणि तेथे वर्षभरात पडणारा पाऊस साधारण 100 मिलिमीटरच्या आसपास असतो. झाडी अशी काही दिसते ती दरीच्या तळाशी, हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्याच्या पाटांकाठी. औषधी वनस्पती मात्र गावांच्या कितीतरी वर, खिंडींच्या आसपासच्या दगडगोट्यांत, बर्फ वितळल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत उगवतात, फुलतात, बी धरतात आणि सुकून जातात. अमची हा बहुधा शेतकरी गृहस्थ असतो, काही अमची भिक्षू असतात, आणि विद्या मुख्यतः घराण्यातून, बापाकडून मुलाकडे आणि काही घरांत मुलीकडेही येते. झांस्करसारखी खोरी हिवाळ्यात महिनोन्‌महिने बाहेरच्या जगापासून तुटलेली असत, त्या काळात आधीच वरच्या कुरणांवरून आणून वाळवलेल्या मुळ्या, पाने आणि फुले हाच संपूर्ण गावाचा औषधसाठा असे. एवढ्या थोड्या दिवसांत, एवढ्या विरळ उगवणाऱ्या वस्तूवर ज्यांचे आरोग्य अवलंबून आहे, त्या समाजाने तिच्याकडे केवळ कच्चा माल म्हणून पाहिले नाही, यात नवल नाही. पण त्याने तिच्याकडे नेमके कसे पाहिले, हे समजण्यासाठी त्याच्या ग्रंथाकडे वळावे लागते.

या वैद्यकाला सोवा रिग्पा, म्हणजे रोगशमनाची विद्या, असे नाव आहे आणि त्याचा आधारग्रंथ ‘ग्यूशी’, म्हणजे चार तंत्रे, हा आहे. मूलतंत्र, व्याख्यातंत्र, उपदेशतंत्र आणि उत्तरतंत्र असे त्याचे चार भाग असून एकूण 156 अध्याय आहेत. हा ग्रंथ साक्षात बुद्धवचन आहे की बाराव्या शतकातील यूथोक योंतेन गोंपो या वैद्याची रचना आहे, यावर तिबेटी विद्वानांत शतकानुशतके वाद झालेला आहे. तो वाद बाजूला ठेवला, तरी ग्रंथाची मांडणीच बोलकी आहे. भैषज्यगुरू बुद्धाच्या हृदयातून प्रकटलेला एक ऋषी उत्तरे देतो आणि त्याच बुद्धाच्या जिव्हेतून प्रकटलेला दुसरा ऋषी प्रश्न विचारतो. म्हणजे शंका आणि समाधान ही दोन्ही एकाच करुणेची रूपे आहेत, असे या विद्येचे प्रास्ताविक सांगते. हा संवाद जेथे घडतो ती सुदर्शन नगरी चार पर्वतांनी वेढलेली आहे. दक्षिणेला विंध्य आहे आणि त्यावर डाळिंब, मिरी, पिंपळी अशा उष्णवीर्य वनस्पती आहेत. उत्तरेला हिमवान आहे आणि त्यावर चंदन, कापूर, निंब अशा शीतवीर्य वनस्पती आहेत. पूर्वेच्या गंधमादनावर हिरड्यांचे वन आहे आणि पश्चिमेच्या मलयावर जायफळ, वंशलोचन, केशर, लवंग व वेलदोड्याचे दोन प्रकार अशी सहा उत्तम द्रव्ये आहेत. विंध्य आणि मलय ही नावे ज्याच्या कानावर लहानपणापासून पडलेली आहेत, अशा मराठी वाचकाला या नकाशात आपलाच देश ओळखू येईल. मात्र वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा नकाशा कोठेही सापडणार नाही, कारण चंदन हिमालयाच्या बर्फावर उगवत नाही. दिशा, उंची, ऊन आणि सावली यांच्याशी असलेल्या नात्यातून वनस्पतीचे वीर्य ठरते, हा विचार त्या नकाशाने आराखड्यासारखा समोर ठेवलेला आहे.

भारतीय आयुर्वेदाशी या विद्येचे नाते वरवरचे नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’चे तिबेटी भाषांतर अकराव्या शतकात झाले आणि ते रिन्चेन झांगपो (958–1055) या महान भाषांतरकाराच्या नावाशी जोडलेले आहे, लडाखमधील न्यारमा या आज भग्न असलेल्या विहाराशीही परंपरा त्याचेच नाव जोडते. वात, पित्त आणि कफ हे तीन दोष सोवा रिग्पात लुंग, ठीपा आणि बेकन या नावांनी येतात, परंतु तेथे त्यांची मुळे आणखी खोल नेलेली आहेत : आसक्तीतून लुंग, द्वेषातून ठीपा आणि मोहातून बेकन बिघडतो, आणि या तिन्ही विषांच्या बुडाशी अविद्या असते. म्हणजे शेवटचे औषध वनस्पती नव्हेच. रानातले मूळ रोगाच्या फांदीपर्यंत पोहोचते, रोगाच्या मुळापर्यंत धर्मच पोहोचतो, ही मर्यादा वैद्याने आरंभीच स्वीकारलेली असते.

औषधीपणाच्या प्रश्नाकडे नेणारी एक जुनी कथा पाली विनयपिटकातील आहे. जीवक नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यानंतर गुरूने त्याच्या हाती कुदळ दिली आणि नगराच्या चहूबाजूंना एका योजनाच्या आत जे जे औषध नाही ते ते घेऊन ये, असे सांगितले. जीवक सगळीकडे हिंडून रिकाम्या हाताने परतला आणि औषध नसलेले काहीच आढळले नाही असे म्हणाला, तेव्हा त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे गुरूने जाहीर केले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही जगात अनौषध असे एकही द्रव्य नाही असा सिद्धान्त आहे, वाग्भट तोच सांगतो आणि ग्यूशीने तो उचललेला आहे. सृष्टी मानवासाठी औषधांनी भरलेली आहे, असा या वचनाचा भाबडा अर्थ अनेकदा लावला जातो. चरकाने मात्र आपल्या विधानाला एक अट जोडलेली आहे आणि सगळा तात्त्विक भार त्या अटीवर आहे : ती ती युक्ती आणि तो तो हेतू लक्षात घेतला, तरच प्रत्येक द्रव्य औषध ठरते. युक्ती म्हणजे मात्रा, काळ, प्रकृती, देश आणि संस्कार यांची योग्य जुळणी. अशी जुळणी असेल तर तीव्र विषही उत्तम औषध होते आणि ती नसेल तर उत्तम औषधही विषासारखे मारते, असे चरक अन्यत्र स्पष्टच म्हणतो.

आता हा सिद्धान्त उलट बाजूने वाचला पाहिजे. प्रत्येक द्रव्य औषध होऊ शकत असेल आणि कोणतेही द्रव्य युक्तीवाचून औषध होत नसेल, तर औषधीपणा कोणत्याही द्रव्याचा स्वभाव नाही, हा निष्कर्ष टळत नाही. येथे वैद्यक नागार्जुनाच्या दारात येऊन उभे राहते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या या आचार्याने माध्यमिक दर्शनाचा पाया घातला आणि प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे प्रत्येक गोष्ट इतर गोष्टींवर अवलंबून उत्पन्न होते हा बुद्धाचा सिद्धान्त, त्याने शेवटपर्यंत नेला. जे दुसऱ्यावर अवलंबून आहे त्याला स्वतःचा, कशावरही न टेकलेला स्वभाव असू शकत नाही; या निःस्वभावतेलाच तो शून्यता म्हणतो. शून्यता म्हणजे नसणे नव्हे. बचनागाने माणूस मरतो आणि शोधन केलेल्या बचनागाने बराही होतो, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. खोटी आहे ती विष किंवा औषध यांपैकी एखादी गोष्ट बचनागाच्या पोटात कायमची बसलेली आहे ही समजूत. वस्तूला अढळ स्वभाव असता तर विषाचे औषध कधीच झाले नसते, म्हणून वैद्यकाची शक्यताच निःस्वभावतेवर उभी आहे, असे म्हणता येते. खेड्यातल्या शेतकरी अमचीने ‘मूलमध्यमककारिका’ अभ्यासलेली असेलच असे नाही. तिबेटी विहारांतून शतकानुशतके शिकवला गेलेला हा विचार त्याच्यापर्यंत वादविवादातून न येता औषध बनवण्याच्या नियमांतून आलेला आहे, आणि बहुधा म्हणूनच तो तेथे अधिक टिकाऊ ठरला आहे.

ते नियम पाहण्यासारखे आहेत. ग्यूशीच्या व्याख्यातंत्रात औषधाची सात अंगे सांगितलेली आहेत : वनस्पती योग्य ठिकाणी उगवलेली असावी, योग्य काळी गोळा केलेली असावी, योग्य रीतीने वाळवलेली असावी, ती ताजी की जुनी याचा विचार झालेला असावा, तिच्यातील विषारी भाग काढलेला असावा, ती सौम्य केलेली असावी आणि शेवटी तिचा योग्य योग झालेला असावा. डोंगराच्या उन्हाच्या अंगाला लडाखी भाषेत निन आणि सावलीच्या अंगाला सिब म्हणतात. उष्णवीर्य वनस्पती निनवरची आणि शीतवीर्य वनस्पती सिबवरची घ्यावी, म्हणजे तिचे बळ पुरे मिळते. मुळी शरदात, रस खाली उतरल्यावर खणायची. पाने आणि कोंब रस चढता असताना घ्यायचे. थंड गुणाची वनस्पती सावलीत आणि वाऱ्यावर वाळवायची, उष्ण गुणाची उन्हात. या सात अंगांपैकी एकही अंग वनस्पतीच्या नावाशी संबंधित नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. दोन अमचींनी एकाच जातीचे रोप एकाच डोंगराच्या दोन अंगांवरून आणले, तर नाव एक असूनही औषधे दोन झाली, असे ही परंपरा मानते. उतार, महिना, वारा आणि हात हे तिच्या लेखी औषधाचेच घटक आहेत.

यावर रसायनशास्त्राचा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. वनस्पतीतील रेणू मंत्र ऐकत नाहीत आणि दिशा ओळखत नाहीत. हिमालयीन पोडोफायलमच्या, म्हणजे आयुर्वेदात वनककडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या, मुळात पोडोफायलोटॉक्सिन हे द्रव्य असते, मग ते मूळ कोणीही खणलेले असो. तिबेटी वैद्यक ही वनस्पती स्त्रियांच्या विकारांसाठी वापरत आले आणि आधुनिक औषधशास्त्राने याच द्रव्यापासून कर्करोगावरील इटोपोसाइड हे औषध तयार केले. मग गुण द्रव्यात असतो हे सिद्ध झाले नाही काय? बारकाईने पाहिले तर या उदाहरणातून उलटच गोष्ट निघते. पोडोफायलोटॉक्सिन जसेच्या तसे शरीरात देण्याइतके सौम्य नाही, म्हणूनच त्याची रचना बदलून इटोपोसाइड करावे लागले. त्याची मात्रा शरीराच्या आकारमानावरून काढावी लागते, रक्तपेशींवर लक्ष ठेवावे लागते, आणि जे द्रव्य कर्कपेशी मारते ते निरोगी पेशीही मारू शकते. रेणू खरा आहे, त्याची क्रियाही खरी आहे. पण त्याचे औषध होणे हे रुग्ण, मात्रा, काळ आणि संस्कार यांच्या जुळणीतूनच घडले. प्रयोगशाळेने युक्तीची जागा घेतली नाही, तिने युक्ती अधिक काटेकोर केली. रसायनशास्त्र आणि अमची यांच्यातला खरा मतभेद द्रव्याच्या वास्तवतेबद्दल नाहीच. जुळणीत कोणाकोणाला मोजायचे याबद्दल तो आहे. रसायनशास्त्र रुग्णाला मोजते, डोंगराला मोजत नाही.

वनस्पतीला सर्वशक्तिमान न मानण्याची शिस्तही याच परंपरेत आहे. ग्यूशी 404 रोग मोजते आणि त्यांचे 101 चे चार गट पाडते. काही रोग पूर्वकर्माधीन असतात आणि त्यांच्यापुढे उपचार हरतात. काही अदृश्य सत्त्वांच्या बाधेने होतात आणि त्यांना विधी लागतो. काही केवळ आभासात्मक असतात आणि आपोआप बरे होतात. आणि उरलेल्या एका गटात, म्हणजे याच जन्मातील आहारविहारातून उद्भवलेल्या रोगांत, औषध दिले तर माणूस वाचतो आणि न दिले तर दगावतो. या गटांना वापरलेल्या संज्ञांपैकी परतंत्र, परिकल्पित आणि परिनिष्पन्न या योगाचार दर्शनातील तीन स्वभावांच्या संज्ञा आहेत, यावरून वैद्यक आणि दर्शन येथे किती एकमेकांत मिसळले होते हे दिसते. कर्माचा सिद्धान्त मानणाऱ्या समाजात, रोग हे कर्मफल असेल तर औषध देणे म्हणजे कर्मात ढवळाढवळ नव्हे काय, असा प्रश्न उभा राहणे साहजिक होते. त्याचे उत्तर संयुत्तनिकायात फार पूर्वी दिलेले आहे : सीवक नावाच्या परिव्राजकाला बुद्ध सांगतो की वेदना पित्ताने, कफाने, वाताने, त्यांच्या संनिपाताने, ऋतुबदलाने, विषम आचरणाने आणि आघातानेही होतात, कर्म हे त्यांतील केवळ आठवे कारण आहे, आणि सगळेच पूर्वकृत्याचे फळ आहे असे म्हणणारे अनुभवाच्या पुढे धावतात. औषधाला जागा मिळते ती कर्माने मोकळ्या ठेवलेल्या या क्षेत्रात. ही जागा लहान नाही, पण तिला कुंपण आहे.

सर्वांत अवघड प्रश्न हिंसेचा आहे. एकाचा प्राण वाचवण्यासाठी दुसऱ्या जिवंत वस्तूला मुळासकट उपटणे, हे करुणेवर उभ्या असलेल्या धर्मात कसे बसते? भारतीय दर्शनांनी या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली. जैन दर्शन वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानते, स्पर्श हे एक इंद्रिय तिला असते, आणि म्हणून हिरवे पान तोडणे ही स्पष्ट हिंसा ठरते. मनुस्मृतीने वनस्पतींना सुखदुःख जाणणारी अंतःसंज्ञा दिलेली आहे, आणि महाभारताच्या शांतिपर्वातील भृगू व भरद्वाज यांच्या संवादात वृक्ष पाहतात, ऐकतात आणि वास घेतात असे प्रतिपादन आहे. बौद्धांनी मात्र वनस्पतींना संसारात फिरणाऱ्या सहा गतींच्या बाहेर ठेवले. तिबेटी परंपरेतही झाडाला चित्त नसते असेच मानले जाते. तरीसुद्धा विनयाने भिक्षूला जिवंत वनस्पती तोडण्यास मनाई केली, आणि त्या नियमामागची कथा विचारात घेण्यासारखी आहे. आळवीच्या एका भिक्षूने झाड तोडताना त्यात राहणाऱ्या वनदेवतेच्या मुलाच्या हाताला घाव बसला. तिने क्रोध आवरला आणि बुद्धाकडे गाऱ्हाणे नेले. लोकही भिक्षूंना नावे ठेवू लागले, आणि नियम झाला. अपराध झाडाविरुद्ध घडला असे ही कथा म्हणत नाही. ज्याचे घर ते झाड होते त्याच्याविरुद्ध तो घडला.

लडाखची लोकश्रद्धा नेमकी येथून पुढे सुरू होते. डोंगराच्या उंच भागी ल्हा, म्हणजे देव, राहतात. झरे, ओलसर माती आणि झाडांच्या मुळांशी लू, म्हणजे नाग, राहतात. आणि जमिनीला सदक, म्हणजे भूमीचे धनी, असतात. झऱ्याजवळ लूसाठी लुबांग नावाची लहान ठाणी बांधलेली असतात. वसंतात पहिला नांगर धरण्यापूर्वी साका नावाचा विधी करून लू आणि सदक यांची क्षमा मागितली जाते, कारण नांगराचा फाळ त्यांच्या घरातून जाणार असतो आणि मातीतले असंख्य किडे मारणार असतो. जो न्याय नांगराला, तोच कुदळीला. मूळ खणणारा अमची परक्याच्या अंगणात शिरलेला असतो. म्हणून तो धूप जाळतो, पाठ म्हणतो आणि दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूतील गरजेपुरता भाग मागून घेतो. लूला दुखावले तर त्वचेचे विकार, सूज आणि व्रण होतात असा समज आहे, म्हणजे ज्याने रोग बरा करायचा त्याच कृत्यातून नवा रोग उत्पन्न होऊ शकतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ओषधिसूक्तातही वनस्पतींना माता म्हणून संबोधलेले आहे आणि त्यांना खणणाऱ्याला, तसेच ज्याच्यासाठी खणले त्यालाही, इजा होऊ नये अशी प्रार्थना आहे. चरकाच्या कल्पस्थानात वनस्पती आणणाऱ्याने उपवास करावा, शुभ्र वस्त्र नेसावे आणि देवतांचे पूजन करून पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून ती घ्यावी असे सांगितलेले आहे. दर्शने वेगळी, काळ वेगळा. पण घेणाऱ्याने घेण्याआधी नमावे ही भावना या सगळ्यांत समान आहे.

अशा आचारांचे आधुनिक समर्थन करताना, हे विधी म्हणजे धर्माच्या वेषातले पर्यावरणरक्षण होते, असे म्हणण्याचा प्रघात पडलेला आहे. हे समर्थन सद्हेतूने केलेले असले, तरी ते अपुरे आहे आणि काहीसे अन्यायकारकही आहे. धूप जाळणारा अमची वनस्पतींची संख्या टिकवण्याचा हिशेब करत नसतो; तो एका धन्याशी, दिसत नसला तरी खऱ्या मानलेल्या धन्याशी, बोलत असतो. त्याचे बोलणे काढून टाकून परिणाम तेवढा उचलला, तर त्याच्या श्रद्धेला आपल्या सोयीचे भाषांतर दिल्यासारखे होते. शिवाय परिणाम नेहमीच चांगला झालेला नाही. बाजाराने जेव्हा मोठी मागणी केली, तेव्हा पश्चिम हिमालयातील उपलेट, म्हणजे संस्कृत ग्रंथांतील कुष्ठ, खणणाऱ्यांच्या हातांना कोणत्याही देवतेचे भय आवरू शकले नाही. अतिखणनामुळे ती वनस्पती 1985 पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरील सर्वांत कडक निर्बंधांच्या यादीत आहे, आणि जटामांसीचा व्यापारही नियंत्रित करावा लागला आहे. विधी नैसर्गिक संपत्तीचा पहारेकरी नव्हता. ऋणाची जाणीव जागी ठेवणे हे त्याचे काम होते, आणि ऋण मानणारा माणूसच जेथे नाहीसा झाला तेथे विधीला काही करण्यासारखे उरले नाही.

औषध तयार झाल्यावरही ऋणाचा हा धागा तुटत नाही. भैषज्यगुरू बुद्धाने, ज्याला तिबेटीत सांग्ये मेनला म्हणतात, बोधिसत्त्व असताना बारा प्रणिधाने केली आणि त्यांत रोगी, निराधार आणि निर्धन जीवांना रोगमुक्त करण्याचे प्रणिधान आहे. अमची औषध कुटताना आणि देताना या बुद्धाचा मंत्र म्हणतो. मोठ्या प्रमाणात केलेल्या औषधांसाठी मेनडुब नावाचा अभिमंत्रणविधी भिक्षूंच्या सहभागाने होतो. मंत्राने औषधात काही वाढते काय, हे तराजूने किंवा नळीने ठरण्यासारखे नाही. एवढे मात्र निश्चितपणे म्हणता येते की औषधीपणा जुळणीतून येतो असे एकदा मानले, तर देणाऱ्याचा हेतू जुळणीच्या बाहेर ठेवायला तर्कशुद्ध कारण उरत नाही. वैद्याच्या अंगी असाव्या लागणाऱ्या गुणांत ग्यूशी बुद्धीच्या जोडीला करुणा ठेवते, आणि ही मागणी शिष्टाचाराची नसून औषधाच्या घटनेची आहे. लोभाने दिलेले औषध या दृष्टीने अपुरे औषध आहे, जसे चुकीच्या महिन्यात खणलेले मूळ अपुरे आहे.

भैषज्यगुरूच्या प्रतिमेत उजव्या हातात जी डहाळी दाखवतात ती हिरड्याची आहे. तिबेटी भाषेत त्याला अरुरा म्हणतात आणि औषधांचा राजा मानतात. सोवा रिग्पाच्या पुष्कळ योगांत तो असतोच. पाली विनयातही भिक्षूंना अनुमत असलेल्या औषधी फळांत तो आहे. हा वृक्ष लडाखमध्ये उगवत नाही, त्याला खालच्या उष्ण प्रदेशातील जंगल लागते. म्हणजे बर्फाळ प्रदेशातील वैद्याचे सर्वश्रेष्ठ औषध कायमच दूरच्या डोंगरांतील अनोळखी हातांनी गोळा केलेले असते. महाराष्ट्रात जुन्नर, आंबेगाव आणि अकोले या तालुक्यांतील महादेव कोळी कुटुंबे सह्याद्रीच्या उतारांवरून हिरडा आणि बाळहिरडा गोळा करतात आणि त्याच्या दरावर त्यांच्या वर्षाचे गणित बसते. औषधाची जुळणी खरोखर पूर्ण मांडायची असेल, तर तिच्यात हे हातही मोजावे लागतील. अमची परंपरेने ल्हा, लू आणि सदक यांचे ऋण मानले, परंतु बाजारातून आलेल्या फळामागच्या वेचणाऱ्याचे ऋण मानण्याची रीत तिच्याकडेही नाही, आणि ही तिच्यातील उणीव स्पष्टपणे सांगितली पाहिजे.

गावातल्या गावात मात्र ऋण फेडण्याची रीत होती. अमची औषधाची किंमत लावत नसे. गावकरी त्याच्या शेतात नांगरणीला आणि कापणीला जात, धान्य देत, आणि अमची त्या वेळात डोंगरावर वनस्पती शोधत असे. 1974 मध्ये लडाख पर्यटकांसाठी खुला झाला, रस्ते, सैन्याची वाहतूक आणि रोख मजुरी वाढली, आणि ही देवघेव विरत गेली. शेतातली मदत थांबल्यावर अमचीला डोंगरासाठी वेळ उरेना, आणि तयार गोळ्या बाहेरून विकत घेणे सोपे झाले. शासनाने या विद्येची उपेक्षा केली असे म्हणता येणार नाही : 2010 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून सोवा रिग्पाला भारतीय वैद्यकपद्धतींत स्थान देण्यात आले आणि 2019 मध्ये लेह येथे राष्ट्रीय सोवा रिग्पा संस्थेला मंजुरी मिळाली. ही मान्यता दीर्घकाळ हवी होती आणि ती योग्यच आहे. परंतु मान्यतेबरोबर पदवी, अभ्यासक्रम, कारखाना आणि प्रमाणित गोळी येते, आणि प्रमाणित गोळीच्या वेष्टनावर निन आणि सिब यांना जागा नसते.

जैवविविधता कायदा 2002 ने स्थानिक समाजाला वनस्पती आणि ज्ञान यांच्या वापरातून होणाऱ्या लाभात वाटा देण्याचे तत्त्व स्वीकारले आणि गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्यांची तरतूद केली. 2023 च्या दुरुस्तीने मात्र संहिताबद्ध, म्हणजे अधिकृत ग्रंथांत नोंदलेल्या, पारंपरिक ज्ञानाच्या वापराला आणि नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना या बंधनातून सूट दिली. ज्ञान एकदा ग्रंथात आले की ते सर्वांचे झाले आणि त्यावर कोणाचे देणे राहिले नाही, असा या सवलतीमागचा विचार दिसतो. वर विवेचन केलेल्या दर्शनाच्या कसोटीवर हा विचार टिकत नाही, कारण ग्रंथात असते ते औषधाचे नाव आणि विधान; औषध होते ते उतार, ऋतू, खणणारा, देणारा आणि घेणारा यांच्या जुळणीतून, आणि त्या जुळणीतील प्रत्येक दुव्याचे काही देणे लागते. ग्रंथाला मोजणारा आणि डोंगराकडील माणसांना न मोजणारा कायदा अपुरा आहे. ज्या गावांच्या कुरणांवरून वनस्पती खणली जाते आणि ज्या वाड्यांवरून हिरडा वेचला जातो, तेथील समित्यांच्या संमतीवाचून आणि त्यांचा वाटा ठरवल्यावाचून कोणत्याही कारखान्याला, तो आयुष पद्धतीचा असला तरी, रानातील माल उचलता येऊ नये, अशी दुरुस्ती संसदेने केली पाहिजे, आणि ती मागण्यात सोवा रिग्पा व आयुर्वेद यांच्या वैद्यांनीच पुढे असले पाहिजे.